प्राणवायूस प्रवेश नाही

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "लोणच्याच्या बरणीत चमचा तसाच ठेवून देता का?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एकट्या मुलीला खोली देताना मराठी माणसं काय काय विचारतात याचा मला एव्हाना चांगला सराव झाला होता. नॉनव्हेज खाता का, मित्र येतात का, घरचे लग्नाचं बघताहेत का. सगळ्याची उत्तरं मी पाठ करून गेले होते. चमच्याचं उत्तर तयार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "काढून ठेवते."

"काढताना चमचा कोरडा असतो?"

"असतो."

"आणि झाकण? वाढून झाल्यावर लावता की वाढता वाढता?"

"वाढता वाढता," मी थाप मारली.

"कधी येताय राहायला?" ते म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला खोली तरी दाखवा आधी."

त्या घरात मी चार वर्षं राहिले. त्यांना काका म्हणायला लागले, काकूंच्या हातचं जेवले, आणि जगात प्राणवायूचा इतका राग करणारा दुसरा माणूस नसेल अशी माझी खात्री झाली. काका मूळचे मिरजेचे. पन्नाशीचे, किडकिडीत, पँट पोटाच्या बरीच वर ओढलेली, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटा पाना. कॉम्प्युटरची चिप बनवणाऱ्या एका कंपनीत ते गॅसच्या नळ्यांचं काम बघायचे. चिप तयार होताना नको तिथे ऑक्सिजन पोचू नये यासाठी त्यांना पगार मिळायचा. घरी तेच काम ते हौसेने करायचे.

ब्रेडची पिशवी बांधण्याआधी ते ती छातीशी धरून दाबायचे. चिवड्याचा डबा अर्धा झाला की तो लहान डब्यात जायचा, तो अर्धा झाला की आणखी लहान डब्यात, आणि शेवटचे चार दाणे औषधाच्या बाटलीत सापडायचे. आपल्या लोकांना निघताना दारात उभं राहून अर्धा तास बोलायची सवय असते. काका त्यांना म्हणायचे, "आत या किंवा बाहेर जा. दार मधे ठेवू नका." गावातल्या मराठी मंडळातले बरेच जण एवढ्यावरून दुखावले होते.

"हा फार आगाऊ वायू आहे," ते ऑक्सिजनबद्दल सांगायचे. "बोलावलं नाही तरी येतो, आणि आला की लगट करतो. लोखंडाशी केली तर गंज, तेलाशी केली तर खवट."

"पण काका, आपण जगतो ते त्याच्यावरच ना?"

"जगतो, आणि त्याच्यामुळेच म्हातारे होतो. सफरचंद कापून ठेव आणि बघ तासाभराने."

काकू हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "मी दिवसभर पेशंटांना ऑक्सिजन लावते, आणि घरी येऊन बघते तर हे त्याला हाकलून देत असतात. आमचं जमलं कसं तेच कळत नाही."

हे सगळं ज्याच्यापायी होतं ते गॅरेजमध्ये होतं. दोन्ही गाड्या बाहेर उन्हात तापत असायच्या आणि गॅरेजमध्ये काका बीअर करायचे. तिथल्या जुन्या फ्रिजवर त्यांनी लाल रंगाने लिहून ठेवलं होतं : प्राणवायूस प्रवेश नाही. शेजारचा अमेरिकन म्हातारा ते देवाचं काहीतरी आहे असं समजून तिथून जाताना आवाज खाली आणायचा.

मी स्वतः बीअर पीत नव्हते, त्यामुळे त्यांना माझ्यावर विश्वास होता. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं, एकदा नाही, वीसेक वेळा. जव मोड आणून भाजलेले असतात, त्यांचा काढा करायचा, त्यात हॉप्सची कडू फुलं उकळायची, थंड झालं की यीस्ट घालायचं आणि मोठ्या काचेच्या बरणीत आंबायला ठेवायचं. आंबेपर्यंत ती बरणी स्वतःच गॅस सोडत असते, हवेला आत येऊ देत नाही. "तोवर मी निवांत झोपतो," काका म्हणायचे. खरी परीक्षा पुढे. तयार झालेली बीअर बरणीतून केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या बंद पिंपात घ्यायची, आणि मधल्या वाटेत तिला हवेचं वारंही लागू द्यायचं नाही.

आणि तिथेच घोडं अडत होतं. गावातल्या बीअर करणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब होता. दर वर्षी हिवाळ्याआधी ते एका पार्कमध्ये जमायचे, आपापले केग घेऊन. पांढऱ्या दाढीचा एक रिटायर्ड पोस्टमन सगळ्यांची चव घ्यायचा आणि एका कागदावर शेरा लिहून द्यायचा. काकांना तीन वर्षं सलग एकच शेरा मिळाला होता. ओला पुठ्ठा. बीअरला हवा लागली की तिला पावसात भिजलेल्या खोक्यासारखी चव येते म्हणे. ते तिन्ही कागद काकांनी जपून ठेवले होते. कुणी त्यांना शिवी दिली असती तर ते विसरले असते, पण पुठ्ठा विसरत नव्हते. कंपनीत ते अख्ख्या इमारतीतून ऑक्सिजन बाहेर ठेवत होते, आणि घरी पाच गॅलनच्या बरणीत तो त्यांना चकवून शिरत होता.

चौथ्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की हे शेवटचं. पुन्हा पुठ्ठा आला तर बरणी, केग, नळ्या, सगळं देऊन टाकीन आणि गॅरेज रिकामं करीन. काकूंनी त्याच दिवशी टेप घेऊन गॅरेजची रुंदी मोजली. काकांनी ते पाहिलं.

त्याच वर्षी जुलैत मिरजेहून त्यांच्या आई आल्या, सहा महिन्यांसाठी. ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी, पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. चातुर्मासात कांदा-लसणाला शिवत नसत. येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच त्यांनी गॅरेजमधल्या बरणीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय बुडबुडतंय रे?"

"जवाचं पाणी," काका म्हणाले. "मूतखड्यावर चांगलं असतं."

"तुला मूतखडा कधी झाला?"

"होऊ नये म्हणून."

आजी "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी मागे उभी राहून हसू दाबत होते. घरात प्रत्येक बरणीचं तोंड दादऱ्याच्या फडक्याने घट्ट बांधायचं, ओल्या हाताने तिला शिवायचं नाही, हे काकांना कुणी शिकवलं ते मला आजी आल्यावर कळलं. स्वयंपाकघरात त्या दोघांची आता जोडी झाली. मी लोणचं वाढायला घेतलं की दोघंही हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायचे.

ऑक्टोबरात त्या वर्षीची शेवटची बरणी तयार झाली. पार्कचा दिवस नऊ दिवसांवर होता. गाळ खाली बसावा म्हणून काकांनी बरणी आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवली. आता त्यात एक मेख असते. बरणी गार झाली की आतला गॅस आकसतो आणि ती बाहेरची हवा ओढून घेते. काकांच्या शब्दांत, ती श्वास घेते. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. कुणाच्या तरी मुलाच्या बर्थडे पार्टीतून आणलेला लाल फुगा त्यांनी आपल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरमधल्या गॅसने भरला आणि बरणीच्या तोंडावर बसवला. बरणी श्वास घेईल तो त्या फुग्यातला. फुगा संपायच्या आत बीअर केगमध्ये गेली की झालं. त्यासाठी त्यांनी गुरुवारची रजा टाकली.

गुरुवारी खंडेनवमी होती.

सकाळी आजींनी मला हाक मारली. त्यांची आंघोळ झालेली, सोवळ्यात होत्या. "जरा हात लाव गं, हे नळकांडं जड आहे." गॅरेजच्या कोपऱ्यात काकांचं गॅसचं सिलेंडर होतं, नळ्यांसकट. मी ते उचलून बाहेरच्या खोलीत आणून पाटावर ठेवलं. मला कळत नव्हतं का, ते आज लागणार आहे म्हणून? कळत होतं. पण आजींना नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते मला बघायचं होतं.

तासाभराने काका गॅरेजमधून आले. "माझं सिलेंडर कुठाय?" म्हणताना त्यांची नजर पाटावर गेली. काकूंची कात्री आणि ब्लडप्रेशरचं यंत्र, आजींची विळी, गाड्यांच्या किल्ल्या, माझं प्रोग्रॅमिंगचं जाडजूड मॅन्युअल, आणि सगळ्यांच्या मधोमध, अंगावर हळदकुंकू आणि गळ्यात झेंडूची माळ घालून, सिलेंडर. समोर निरांजन लावलेलं होतं.

"आई, हे का ठेवलंस इथे?"

"तुझं हत्यार नाही का ते? रोज हातात असतं तुझ्या."

"हो, पण मला ते आज लागणार आहे."

"आज हत्यारं विसावतात. उद्या दहीभाताचा नैवेद्य दाखवला की ने."

"अगं, मी रजा घेतलीय आज."

"खंडेनवमीची रजा घेतलीस? बरं केलंस."

काका देव मानत नव्हते. मंडळात गणपतीच्या आरतीला ते मागे उभे राहून स्पीकरच्या वायरी तपासायचे. कंपनीतल्या व्हाइस प्रेसिडेंटशी त्यांनी वाद घालून त्याला गप्प केलेलं मी ऐकलं होतं. पण पूजेतल्या वस्तूला हात लावायला ते दोन पावलं पुढे गेले, हात लांब केला, आणि तसेच मागे आले. मला त्यांची दया आली. हसूही आलं.

मग त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि फ्रिजचं दार बोटभर उघडून दाखवलं. काल मोसंब्याएवढा असलेला फुगा लिंबाएवढा झाला होता. "दुपारपर्यंत संपेल," ते कुजबुजले. "मग तो आत."

"काका, आजींना सांगून टाका खरं."

"काय सांगू? चातुर्मास चालू आहे तिचा. कांदा खात नाही, आणि मी सांगू की गॅरेजमध्ये..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि फ्रिजचं दार पटकन लावलं. ते हताश दिसत होते, अगदी खरे हताश. गंमत बघायला सिलेंडर उचललं याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

शेवटी ते आजींसमोर जाऊन उभे राहिले. "आई, ते मी हलवणार नाही. बरणी इथे आणतो. मग चालेल?"

आजींनी विचार केला. "बरणी आण. पण या हत्यारांना हात तू लावायचा नाहीस. मी सोवळ्यात आहे, मी लावते. हे फिरवायचं ना?"

"हो, पण हळूच."

"फिरवल्यावर काय होतं?"

"गॅस जातो. पिंपात हवा राहत नाही."

"आणि मग पिंपात काय भरायचं?"

"जवाचं पाणी."

आजींनी निरांजनाची वात पुढे सारली. "देवासमोर उभा आहेस."

"आंबवलेलं जवाचं पाणी," काका म्हणाले. स्वयंपाकघरात काकूंनी नीट ऐकू यावं म्हणून नळ बंद केला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी मॅन्युअलकडे बघितलं.

"बीअर आहे, आई."

"आता कसं," आजी म्हणाल्या. "जुलैपासून वाट बघतेय मी. माझे वडील वैद्य होते. द्राक्षासव लावायचे घरी, बरणीचं तोंड कापडमातीने लिंपून महिना महिना कोठीत ठेवायचे. आंबल्याचा वास मला कळत नाही होय? मूतखडा म्हणे."

"म्हणजे तू हे मुद्दाम ठेवलंस पूजेत?"

"हत्यार होतं म्हणून ठेवलं. आण बरणी, फुगा संपेल तुझा."

फुग्याचं त्यांना कसं माहीत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

काकांनी आणि मी बरणी दोन्हीकडून धरून, गाळ हलू नये म्हणून एकेक पाऊल टाकत आणली आणि टेबलावर ठेवली. खाली जमिनीवर केग, काठोकाठ पाण्याने भरलेला. सिलेंडरची नळी मी केगला जोडली, कारण मी सकाळी न्हाले होते आणि आजींनी मला चालवून घेतलं. काका दोन हात लांब, हात पाठीमागे बांधून उभे.

"पाव फिरव," ते म्हणाले.

आजींनी सिलेंडरची चावी पाव फिरवली. सुस्स आवाज आला आणि केगमधलं पाणी दुसऱ्या नळीतून बादलीत पडायला लागलं. पाणी गेलं, त्याच्या जागी गॅस आला, हवेला मधे शिरायला फटच मिळाली नाही. मग बरणीतून एक नळी केगच्या तळाशी, आणि केगच्या डोक्यावरून दुसरी नळी परत बरणीच्या तोंडाशी. फुगा काढून नळी लावण्याचा तो एक क्षण होता. काका म्हणाले, "आता." आजींनी गॅसची धार चालू ठेवली, मी फुगा काढला, नळी बसवली. काकांनी तेवढा वेळ स्वतःचाही श्वास धरून ठेवला होता.

पूर्वी ते नळीला तोंड लावून बीअर ओढून घ्यायचे. आजींना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उष्टं करत होतास? मग पुठ्ठाच येणार." आता गॅसची एक फुंकर दिली आणि बीअर आपली आपण उतरायला लागली. ती खाली येत होती, केगमधला गॅस वर जाऊन तिची जागा भरत होता. फोन वाजला, काकांच्या ऑफिसचा असणार. कुणीही उचलला नाही.

"अजून जरा," काका म्हणाले.

"ओरडू नकोस, मला ऐकू येतंय त्याचं," आजी म्हणाल्या. त्या नळीला कान लावून बसल्या होत्या. लोणचं मुरतंय की नाही हे बरणीला कान लावून ओळखणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्या अगदी तशाच बसल्या होत्या. वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं. केगला कुंकवाची बोटं लागली होती ती काकांनी पुसली नाहीत.

नळीत थोडी बीअर उरली होती. आजींनी तीर्थाला धरतात तसा तळवा पुढे केला. "औषध म्हणून," त्या म्हणाल्या. काकांनी चार थेंब घातले. आजींनी डोळे मिटून चव घेतली. मी दोन वर्षांत काकांचा चेहरा एवढा घाबरलेला पाहिला नव्हता.

"कडू आहे," आजी म्हणाल्या. "पण शिळं नाही."

पार्कमध्ये आम्ही सगळेच गेलो. आजी नऊवारीवर काकूंचा कोट घालून घडीच्या खुर्चीवर बसल्या. दाढीवाल्या पोस्टमनने केगवरच्या लाल बोटांबद्दल विचारलं तेव्हा काकांनी "सेफ्टी इन्स्पेक्शन" असं गंभीरपणे सांगितलं. मग त्याने ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला, लिहायला बसला. काका तोवर पार्कच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका झाडाचं खोड बघत होते. कागद मला आणावा लागला.

त्यांनी तो दोनदा वाचला. रंग गढूळ, गोडवा कमी, कडवटपणा फार. नंबर अर्थातच आला नव्हता. शेवटी एकच शब्द होता, फ्रेश.

"काय म्हणतो दाढीवाला?" आजींनी विचारलं.

"कडू आहे म्हणतो. पण ताजी आहे."

"मग मी काय वेगळं सांगितलं होतं?"

काकांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला. घरी आल्यावर पुठ्ठ्याचे तिन्ही कागद त्यांनी फाडून टाकले. काकूंची गाडी उन्हातच राहिली.

डिसेंबरात जाण्याआधी आजींनी परसातल्या झाडाची लिंबं उतरवून उपवासाचं लोणचं घातलं, बरणीला दादरा बांधला आणि मुलाला सांगितलं, "जितकं जुनं होईल तितकं चांगलं." त्यांचं पुन्हा येणं झालं नाही. दीड वर्षाने मिरजेहून फोन आला, आणि काका विमानात बसेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवसांत मी त्यांच्याशी काही बोलू शकले नाही, ते मला अजून लागून राहिलं आहे.

पुढे लग्न होऊन मी क्युपर्टिनोला गेले. जवळच, पण जाणं होत नाही. बऱ्याच वर्षांनी एका रविवारी गेले तेव्हा काका रिटायर झाले होते. जेवायला बसलो. दहीभात होता. काकू मला हळूच म्हणाल्या, "फ्रिजमध्ये आईंची बरणी आहे. त्या गेल्यापासून उघडलेली नाही. मला हात लावू देत नाहीत, स्वतः खात नाहीत."

काकांनी ते ऐकलं. ते उठले, बरणी आणली, टेबलावर ठेवली. दादऱ्याची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. "सिलेंडर तू उचललं होतंस त्या दिवशी," ते म्हणाले. "तुझा मान आहे." कोरड्या चमच्याने त्यांनी एक फोड माझ्या पानात वाढली आणि वाढता वाढता झाकण लावलं.

ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पार्कमध्ये झाडाचं खोड बघत होते तसे भिंतीकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांनी ती का उघडली नाही ते मला तेव्हा समजलं. पुठ्ठा लागला असता तर?

फोड शाईसारखी काळी झाली होती. मी ती खाल्ली.

"काळं झालंय, काका," मी म्हटलं. "पण शिळं नाही."

त्यांनी मान हलवली. दुसरा कोरडा चमचा आणला, खुर्ची ओढून बसले, बरणी जवळ घेतली. झाकण काढून टेबलावर ठेवलं आणि एक फोड खाल्ली, मग दुसरी. झाकण बराच वेळ तिथेच पडून होतं.